मोकळी चाल

पदार्थविज्ञानाच्या वर्गात घर्षणाचा धडा सुरू झाला, की मी फळ्यावर एक उतरण काढतो आणि तिच्यावर एक ठोकळा ठेवतो. विद्यार्थी त्या ठोकळ्याचे गणित बिनचूक सोडवतात. परंतु त्याच घर्षणाच्या जोरावर आपण सकाळी येळ्ळूरहून, काकतीहून किंवा खानापूरहून कॉलेजात आलो, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येते. फळ्यावरच्या ठोकळ्यापेक्षा बाहेर वाहनतळावर उभा असलेला मोटारसायकलचा क्लच हे घर्षणाचे कितीतरी चांगले उदाहरण आहे. त्याला हात लावता येतो, त्याच्या हालचाली पट्टीने मोजता येतात, आणि उत्तर चुकले तर ते घाटात आपोआप कळते.

प्रस्तुत लेखात तारेने चालणाऱ्या क्लचची रचना, त्याचे दोष ओळखण्याची रीत आणि त्याची जुळवणी यांचा विचार करावयाचा आहे. गिअर नसलेल्या स्कूटर, विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि तेलाच्या दाबाने क्लच चालवणाऱ्या काही महागड्या मोटारसायकली ह्या विवेचनाबाहेरच्या होत. तथापि आपल्याकडे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच आजही तारेवरच चालतो.

ह्या क्लचविषयी एक समजूत सर्वत्र आढळते. डाव्या हाताची क्लचची दांडी थोडी सैल लागली, की ‘वायर ढिली झाली, ताणून घे’ असे म्हणतात आणि दांडी सतारीच्या तारेसारखी ताठ करून घेतात. दांडीचा थोडा सैलपणा हा जणू गाडीचा आजारच. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हा सैलपणा बनवणाऱ्याने हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. तो मोजून ठेवावा लागतो. आणि तो नाहीसा झाला तर क्लच आतून जळू लागतो. कारागिरांच्या भाषेत त्याला ‘प्ले’ म्हणतात. मी त्याला ‘मोकळी चाल’ म्हणतो.

क्लच करतो काय?

इंजिन एकदा सुरू झाले, की ते फिरतच राहते. चाक मात्र कधी थांबलेले, कधी फिरते. ह्या दोघांना हवे तेव्हा जोडणे आणि हवे तेव्हा सोडवणे हे क्लचचे काम. आपल्या गाड्यांतून बहुधा अनेक तबकड्यांचा, तेलात बुडालेला क्लच असतो. त्यात दोन प्रकारच्या तबकड्या एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाचे अस्तर लावलेल्या तबकड्यांना बाहेरच्या कडेला दाते असतात. ते क्लच हाउसिंगच्या खाचांत बसतात आणि इंजिनाबरोबर फिरतात. साध्या पोलादी तबकड्यांना आतल्या कडेला दाते असतात. ते मधल्या हबवर बसतात आणि हब गिअरबॉक्सचा दांडा फिरवतो. ह्या सगळ्या चळतीला एका टोकाकडून एक जाड तबकडी स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरते. सुट्या भागांच्या दुकानांत साध्या पोलादी तबकडीलाही ‘प्रेशर प्लेट’ म्हणण्याची पद्धत आहे. घोटाळा टाळण्यासाठी स्प्रिंगांनी दाबणाऱ्या जाड तबकडीला मी येथे दाब-तबकडी म्हणेन.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की क्लच जोडण्याचे काम आपला हात करीत नाही. ते स्प्रिंगा करतात, आणि सदासर्वकाळ करतात. आपला हात फक्त स्प्रिंगांच्या विरुद्ध ओढून दाब-तबकडी मागे सारतो आणि क्लच सोडवतो. म्हणजेच हात दांडीवर नसताना स्प्रिंगांचा सगळाच्या सगळा दाब तबकड्यांवर पडला पाहिजे. ही अट पुरी होते की नाही, एवढा एकच प्रश्न मोकळ्या चालीच्या मुळाशी आहे.

तार आणि तिचे आवरण

दांडीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या केबलला आपण सरसकट ‘क्लच वायर’ म्हणतो. पण तिचे दोन स्वतंत्र भाग आहेत. आत पोलादी तंतूंची पिळलेली तार, आणि बाहेर पोलादी पट्टीच्या घट्ट वेटोळ्यांचे आवरण. ही रचना बाउडेन केबल ह्या नावाने ओळखली जाते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन याने तिचे ब्रिटिश पेटंट १८९६ साली घेतले. तिची खुबी अशी, की आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने बाहेरचे आवरण दोन्ही टोकांच्या आधारांमध्ये दाबले जाते. तारेत ताण आणि आवरणात दाब, असे दोघे मिळून काम करतात. म्हणून तर ही केबल वळणावळणाने नेली तरी ओढ पोचवते. नुसती तार असती तर ती सरळ व्हायला धावली असती.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जुळवणीचा स्क्रू, म्हणजे ॲडजस्टर, तारेला हातही लावत नाही. तो आवरणाचा आधार पुढे-मागे सरकवतो. ॲडजस्टर बाहेर काढला, की आवरणाची वाट लांबते; तार आहे तेवढीच असल्यामुळे ती आखडते आणि मोकळी चाल कमी होते. ॲडजस्टर आत फिरवला, की मोकळी चाल वाढते. ‘कोणत्या बाजूला फिरवू?’ हा प्रश्न मग घोकावा लागत नाही.

मोकळ्या चालीचा हिशेब

आता आकडे घेऊ. हे आकडे कोणत्याही एका गाडीचे नाहीत. लहान, काहीशा जुन्या झालेल्या मोटारसायकलला शोभतील असे हिशेबापुरते धरलेले आहेत.

क्लच किती पीळ पेलू शकतो, हे चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: घर्षणगुणांक, स्प्रिंगांचा एकूण दाब, तबकडीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. तेलातला घर्षणगुणांक ०.१, दाब १००० न्यूटन, त्रिज्या ०.०४५ मीटर आणि घर्षणाच्या ४ तबकड्यांचे मिळून ८ पृष्ठभाग धरले, तर गुणाकार ३६ न्यूटन-मीटर येतो. इंजिनाचा पीळ ८ न्यूटन-मीटर असून इंजिन आणि क्लच यांमधील दात्यांमुळे तो चौपट होतो असे मानल्यास क्लचवर ३२ न्यूटन-मीटर येतात. क्षमता ३६ आणि गरज ३२; क्लच घसरणार नाही. नव्या गाडीत ही शिल्लक याहून अधिक ठेवलेली असते.

दुसरी बाजू दांडीची. समजा, दांडीचे टोक ६ मि.मी. ओढले म्हणजे तार १ मि.मी. सरकते, आणि इंजिनाकडची तरफ ती हालचाल आणखी पाचपट लहान करते. म्हणजे टोक ३० मि.मी. हलवावे तेव्हा दाब-तबकडी १ मि.मी. मागे सरते. अंतर तिसाव्या हिश्शाने कमी झाले म्हणजे जोर तीसपट वाढला. हा तरफेचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत.

आता दांडी ताठ करणाऱ्याचे काय होते ते पाहा. मोकळी चाल शून्य करून तार किंचित ताणलेलीच ठेवली आणि त्या ताणामुळे दाब-तबकडीवरचा २०० न्यूटन दाब उचलला गेला, तर उरले ८००. तोच गुणाकार आता २८.८ येतो. गरज ३२ ची. क्लच घसरलाच! आणि हे २०० न्यूटन उचलायला दांडीच्या टोकावर किती जोर हवा? २०० भागिले ३०, म्हणजे ७ न्यूटनही नाही. पाऊण किलोहून कमी वजनाचा भार. गर्दीतून जाताना क्लचच्या दांडीवर दोन बोटे विसावून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. त्या दोन बोटांचा भार सहज एवढा भरतो.

सपाट रस्त्यावर इंजिनाचा सगळा पीळ क्वचितच लागतो, म्हणून हा दोष शहरात लपून राहतो. दोघे बसून चोर्ला घाट चढू लागले, की तो उघडा पडतो. इंजिन ओरडते, गाडी सरकत नाही, आणि करपल्याचा वास येतो. तोपर्यंत अस्तर गुळगुळीत झालेले असते, पोलादी तबकड्या तापून निळ्या पडलेल्या असतात. आणि जे काम दोन पान्यांचे होते ते संपूर्ण क्लच बदलण्यावर जाते.

उलट बाजूनेही हिशेब मांडू. दांडीचे टोक एकंदर ७५ मि.मी. ओढता येते आणि त्यातली १५ मि.मी. मोकळी चाल आहे, असे धरा. उरलेल्या ६० मि.मी.मध्ये दाब-तबकडी २ मि.मी. मागे जाईल, ८ पृष्ठभागांत वाटले तर प्रत्येकी पाव मि.मी. अंतर मिळेल. मोकळी चाल ४५ मि.मी. झाली, तर उरल्या ३० मि.मी.मध्ये तबकडी १ मि.मी.च सरकेल आणि प्रत्येक पृष्ठभागाच्या वाट्याला मि.मी.चा आठवा हिस्सा येईल. एवढ्या अंतरात तेलाचा थरच तबकड्यांना एकमेकींबरोबर ओढतो. क्लच पुरा सुटत नाही, गिअर खडखडतात, आणि गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही.

म्हणून मोकळी चाल नको तितकी नसावी आणि हवी त्याहून कमीही नसावी. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ती दांडीच्या टोकाशी १० ते २० मि.मी. सांगितलेली असते; काही पुस्तिकांत दांडी आणि तिचा आधार यांमधल्या फटीत २ ते ३ मि.मी. असे माप असते. ह्या दोन मापांत विरोध नाही. आपल्या उदाहरणातल्या सहाच्या प्रमाणाने २ ते ३ मि.मी.चे टोकाशी १२ ते १८ मि.मी. होतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे माप असेल तेच प्रमाण मानावे.

चाल वाढते केव्हा, घटते केव्हा?

वापराने तार ताणते, आवरणाची टोके आधारात दबतात, दांडीचे भोक झिजते. ह्या सर्वांमुळे मोकळी चाल वाढते, आणि हे सगळ्यांना ठाऊक असते. तबकड्या झिजल्या, की मात्र मोकळी चाल घटते. ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. कारण सरळ आहे. चळत पातळ झाली, की स्प्रिंगा दाब-तबकडीला आपल्या जोराच्या दिशेने पुढे नेतात. क्लच सोडवणारी दांडी किंवा तरफ स्प्रिंगांच्या विरुद्ध ढकलत असल्यामुळे ती नेमकी त्याच बाजूला उभी असते. म्हणजे झिजेबरोबर दाब-तबकडी तिच्या जवळ जवळ येते आणि मधली फट बुजत जाते. सोडवणारा दांडा गिअरबॉक्सच्या पोटातून आलेला असो, नाहीतर इंजिनाच्या झाकणातून दाबणारी तरफ असो, हा नियम बदलत नाही.

ही फट किती भराभर बुजते ते पाहा. घर्षणाची प्रत्येक तबकडी ०.१ मि.मी. झिजली, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी, तर चार तबकड्यांचे ०.४ मि.मी. झाले. तीसपट करून दांडीच्या टोकाशी ते १२ मि.मी. दिसतात. १५ मि.मी.च्या मोकळ्या चालीतले १२ मि.मी. एका कागदाच्या झिजेने गेले! म्हणून ‘मागच्या वर्षी बरोबर लावून घेतली होती’ हे उत्तर पुरेसे नाही. चाल वाढली असेल तर संशय केबलवर घ्यावा, घटली असेल तर तबकड्यांच्या झिजेवर. एका पट्टीने एवढे निदान घरबसल्या होते.

लक्षणे आणि त्यांचा अर्थ

क्लचच्या तक्रारी मुख्यतः तीन.

पहिली, घसरणे. ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, वेग चढत नाही. जुन्या बुलेटमध्ये किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाकडे जातो. तेव्हा किक मारताना इंजिन न फिरता पाय रिकामा खाली गेला, तर तेही घसरण्याचेच लक्षण होय. कारणे: मोकळी चाल नाही, तार अडकून परत येत नाही, तबकड्या झिजल्या, स्प्रिंगा थकल्या, किंवा तेल चुकीचे आहे. तेलाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोटारगाडीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तेलात बुडालेल्या क्लचला ती घातक ठरू शकतात. मोटारसायकलच्या तेलासाठी १९९८ पासून जपानी ‘जासो’ मानक आहे. डब्यावरील ‘एमए’ हा शिक्का अशा क्लचसाठी, आणि ‘एमबी’ हा कमी घर्षणाच्या तेलाचा, मुख्यतः गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतो.

दुसरी तक्रार, पुरता न सुटणे. दांडी ओढूनही पहिला गिअर टाकताना गाडी पुढे उसळते, रेल्वे फाटकाशी उभे असताना ती सरपटू पाहते, गिअर करकरतात. कारणे: मोकळी चाल फार, केबलचे आवरण आधारातून निसटलेले, वाकलेल्या तबकड्या, किंवा हाउसिंगच्या खाचांत दात्यांनी पाडलेले खड्डे. बुलेट पुष्कळ दिवस उभी राहिली, की तबकड्या एकमेकींना चिकटतात. इंजिन बंद ठेवून, दांडी ओढून दोन-चार किका मारल्या, की त्या सुटतात. त्यासाठी पाना उचलण्याचे कारण नाही.

तिसरी, दांडी जड लागणे. येथे बहुधा अपराधी केबल असते. दोर खांबाभोवती गुंडाळला, की वळणाच्या कोनाबरोबर घर्षण झपाट्याने वाढते. केबलच्या वळणांतही तेच घडते. सगळी वळणे मिळून १८० अंश भरत असतील आणि आतला घर्षणगुणांक ०.१ असेल, तर एका टोकाचा ताण दुसऱ्याच्या सुमारे १.३७ पट लागतो. गंजाने गुणांक ०.३ झाला, तर तोच ताण २.५७ पट होतो. म्हणजे स्प्रिंगा त्याच, तबकड्या त्याच, पण हाताला भार जवळजवळ दुप्पट! खानापूर भागातल्या पावसात भिजणाऱ्या गाड्यांची दांडी पावसाळ्यानंतर जड का लागते, याचे उत्तर येथे आहे.

तपासणीचा क्रम

दोष शोधताना पहिला नियम, सोप्याकडून अवघडाकडे जावे. इंजिन बंद आणि थंड असावे.

१. पट्टी घेऊन दांडीच्या टोकाशी मोकळी चाल मोजावी. बोटाने हलके ओढत जावे. जोर लागू लागला, की थांबावे. तेवढे अंतर ही मोकळी चाल. आकडा लिहून ठेवावा.

२. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा मोजावे. आकडा बदलला, तर केबल कोठेतरी ताणली किंवा चेमटली जात आहे; तिचा मार्ग सुधारल्याशिवाय जुळवणी करू नये.

३. दोन्ही टोकांची तार आणि तिचे निपल पाहावे. एक जरी तंतू तुटून बाहेर आलेला दिसला, तरी केबल बदलावी. तुटलेल्या तंतूंचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि केबल तुटते ती बहुधा ऐन वाहतुकीत.

४. आवरणाची टोके आपापल्या आधारांत नीट बसली आहेत काय, आणि दांडीचा खिळा डुगडुगत नाही ना, ते पाहावे.

५. एवढ्याने उलगडा न झाल्यास केबल इंजिनाकडून सोडवावी. सुटी केबल आत-बाहेर सहज सरकत नसेल, तर दोष केबलचा. केबल सहज सरकते, पण इंजिनाकडची तरफ अडते, तर दोष आत आहे. तरफ आणि केबल दोन्ही ठीक, चाल बरोबर, आणि तरीही क्लच घसरतो, तर मात्र झाकण उघडावे लागेल. ‘प्लेटा गेल्या’ हा निष्कर्ष ह्या पायरीवर येतो. त्याच्या आधी तो कोणी सांगितला, तर ‘चाल मोजली का?’ एवढे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

जुळवणी

पुष्कळशा गाड्यांत जुळवणीच्या दोन जागा असतात. हँडलवरचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी, इंजिनाकडचा मोठ्या फरकासाठी. काही गाड्यांत सोडवणाऱ्या दांड्याशी तिसरा स्क्रू असतो. जुन्या बुलेटमध्ये तो गिअरबॉक्सवरच्या लहान झाकणाखाली सापडतो. असा स्क्रू असल्यास जुळवणी त्याच्यापासूनच सुरू करावी, कारण तबकड्यांच्या झिजेने बुजलेली फट तेथेच मोकळी करता येते.

क्रम असा. हँडलवरचा लॉकनट सैल करून ॲडजस्टर जवळजवळ पुरा आत न्यावा. एक-दोन फेऱ्या शिल्लक ठेवाव्यात. आता केबल पुरेशी सैल झाली. आतला स्क्रू असल्यास पुस्तिकेप्रमाणे लावून त्याचा लॉकनट आवळावा. आवळताना स्क्रू स्क्रू-ड्रायव्हरने धरून ठेवावा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो. त्यानंतर इंजिनाकडच्या ॲडजस्टरने मोकळी चाल मापाच्या जवळ आणावी आणि लॉकनट आवळावा. शेवटी हँडलवरच्या ॲडजस्टरने नेमके माप साधावे. त्या ॲडजस्टरला आणि दांडीच्या आधाराला तार काढता-घालता यावी म्हणून उभी चीर असते. ह्या चिरा एका रेषेत राहू देऊ नयेत. त्यांतून पाणी शिरते आणि तार निसटण्याची भीती असते. ॲडजस्टर एवढा बाहेर आला असेल, की थोडेच आटे आत उरले आहेत, तर तो आणखी बाहेर न काढता इंजिनाकडे दुरुस्ती करावी.

आपल्या भागातल्या गॅरेजांत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत पाने फिरतात. ‘सडिल माडु’ म्हटले की नट सैल करायचा, ‘बिगि माडु’ म्हटले की आवळायचा. हा ‘सडिल’ म्हणजे संस्कृत ‘शिथिल’ याचा तद्भव. क्लचच्या बाबतीत शैथिल्य हा गुण ठरतो, पण मोजलेले शैथिल्य.

परीक्षा

जुळवणीनंतर तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली इंजिन बंद ठेवून. पहिला गिअर टाकावा, दांडी पुरी ओढावी आणि गाडी ढकलावी. ती थोड्या ओढीने पण सरळ पुढे गेली पाहिजे. दांडी सोडली, की इंजिनाने तिला अडवले पाहिजे. दुसरी, इंजिन सुरू करून, पुढचा ब्रेक धरून. दांडी ओढून पहिला गिअर टाकावा. गाडी सरपटू नये, इंजिन बंद पडू नये. तिसरी मोकळ्या, सरळ चढावर. बेताच्या वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पिळावा. आवाज आणि वेग बरोबरीने चढले, तर क्लच धरतो आहे. दहा-पंधरा किलोमीटर जाऊन इंजिन तापल्यावर मोकळी चाल पुन्हा मोजावी. उष्णतेने धातू प्रसरण पावतात. थंड असताना होती ती चाल गरम झाल्यावर नाहीशी झाली, तर जुळवणी अपुरी आहे.

केबल चालत्या गाडीत तुटलीच, तर गोंधळून जाऊ नये. ॲक्सिलरेटर सोडावा, मागचा-पुढचा ब्रेक हळूहळू लावत गाडी कडेला न्यावी. थांबता थांबता इंजिन धक्क्याने बंद पडेल, पडू द्यावे. क्लचवाचून शहरात गाडी हाकण्याचे कौशल्य दाखवू नये.

निगा

केबलला दर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तेल द्यावे. वरचे टोक सोडवून उभे धरावे, कागदाचा नरसाळ्यासारखा सुरळा बांधून त्यात पातळ तेल ओतावे आणि खालच्या टोकाशी थेंब दिसेपर्यंत थांबावे. काही केबलींना आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचे अस्तर असते. अशांना तेल द्यावे की नाही, हे पुस्तिकेत पाहावे. निपल आणि दांडीचा खिळा यांना ग्रीस मात्र नेहमी लावावे. नवी केबल घालताना जुनीच्या टोकाला दोरा बांधून मग ती ओढून काढावी. दोरा मार्गात राहतो आणि नवी केबल त्याच वाटेने, त्याच वळणांनी जाते. फाटकाशी किंवा सिग्नलपाशी दांडी ओढून उभे राहण्यापेक्षा न्यूट्रल करावे. तार आणि क्लच सोडवणारे भाग दोन्ही तेवढे वाचतात. आणि गाडी चालू असताना बोटे दांडीवर नव्हे, मुठीवर असावीत.

जाता जाता कर्नाटकातल्याच एका रचनेचा उल्लेख करतो. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी मोटारसायकली तयार होत. हे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्या गाड्यांत गिअरचा पायदांडा हलवला, की क्लच आपोआप सुटत असे. हाताची दांडी ओढण्याची सक्ती नव्हती. तरीसुद्धा तिथेही आत एक फट राखावी लागेच. हात जाऊन पाय आला, तरी स्प्रिंगांना पुरता दाब द्यायला मोकळीक हवीच.

ज्यांच्यापाशी मोटारसायकल आहे त्यांनी एक लहान वही करावी, आणि तिच्यात महिन्यातून एकदा तारीख, किलोमीटर आणि मोकळी चाल एवढे तीनच आकडे लिहावेत. ॲडजस्टर फिरवला, तर कोणत्या बाजूला आणि किती फेऱ्या, तेही लिहावे. वर्षभराने ती वही चाळली, म्हणजे केबल किती ताणली आणि तबकड्या किती झिजल्या हे झाकण न उघडता वाचता येईल. पट्टी, दोन पाने आणि ही वही, एवढेच सामान त्याला लागते.